वीज कोळशाचीच, मग ई-बस कशाला?

प्रश्न सुदामा नगरातून आला आहे. विचारणाऱ्या ताई रोज विजय नगरला नोकरीला जातात. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: "पेट्रोलची स्कूटर काढून बॅटरीची घ्यावी म्हणते. सासरे म्हणतात, वीज कोळशावरच होते ना, मग धूर इथून उठला नि तिथे गेला, एवढंच. त्यांच्या मते इंदुरात कचऱ्याच्या गॅसवर बस चालतात तेवढं पुरे आहे, ई-बस आणि मेट्रो हा नुसता देखावा. खरं कोणाचं? आणि शहराने आधी काय करायला हवं?"

ताई, सासऱ्यांचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. मी सिटी बसच्या ताफ्याचं नियोजन आणि डेपोची कामं बरीच वर्षं केली आहेत. बसच्या पाठीवर "शून्य प्रदूषण" लिहिलेलं दिसलं की मलाही जरा हसू येतं. तेव्हा आधी त्यांचाच हिशेब मांडू.

जून २०२५ मध्ये देशातल्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली, अशी मोठी बातमी आली. बातमी खरी आहे. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज वेगळी. सूर्य रात्री नसतो, त्यामुळे वर्षभरात वापरलेल्या विजेपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे. आपल्याकडे खंडवा जिल्ह्यातलं सिंगाजीचं औष्णिक केंद्र एकटंच २,५२० मेगावॉटचं आहे. सगळी वीज एकत्र धरून सरासरी काढली तर एका युनिटमागे ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पुढे मी त्याला नुसतं कार्बन म्हणतो.

आता तुमची स्कूटर. ११० सीसीची गाडी शहरात लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन निघतो, म्हणजे किलोमीटरला ५१ ग्रॅम. तेल जमिनीतून काढणं, शुद्ध करणं, टँकरने पंपावर आणणं यात साधारण आणखी पाचवा हिस्सा जातो. धरा ६० ग्रॅम. बॅटरीच्या स्कूटरला भिंतीच्या सॉकेटमधून किलोमीटरला ३३ वॉट-तास लागतात. तारांमधली गळती धरून आजच्या सरासरी विजेवर ते २८-३० ग्रॅम होतं. म्हणजे वीज आजच्यासारखीच राहिली तरी कार्बन निम्मा. याचं कारण इंजिनात आहे. छोटं पेट्रोल इंजिन सिग्नलला थांबत-सुटत चालताना पेट्रोलमधली बहुतेक शक्ती उष्णतेत घालवतं. मोटर तसं करत नाही, शिवाय ब्रेक लावला की थोडी वीज परतही देते. स्कूटरपुरतं तरी सासऱ्यांचं गणित चुकलं.

बसला मात्र त्यांचं बोलणं बरंचसं लागू पडतं, आणि ही गोष्ट ई-बसच्या उद्घाटनात कोणी सांगत नाही. बारा मीटरची एसी डिझेल बस शहरात लिटरला अडीच किलोमीटर देते. डिझेलच्या एका लिटरमागे २.६८ किलो कार्बन, म्हणजे किलोमीटरला एक किलोच्या थोडा वर, आणि आधीची साखळी धरली तर सव्वा किलोच्या वर. तेवढ्याच मोठ्या ई-बसला मीटरवर १.३ युनिट लागतात, त्याचा कार्बन एक किलोच्या आसपास. बचत फार तर वीस टक्के. राजवाड्याच्या गल्ल्यांत डिझेलचा काळा धूर नाकात जात नाही, आवाज नाही, हे फायदे मी कमी लेखत नाही. तिथे दिवसभर दुकानात बसणाऱ्याला विचारा. पण प्रश्न कार्बनचा असेल तर नुसती बस बदलून फार मोठी बाजी मारली असं होत नाही.

मग मोठी बाजी कशात आहे? तर बसमध्ये किती माणसं आहेत आणि ती कोणत्या वेळी चार्ज होते, यात.

माणसांचं आधी बघू. किलोमीटरला एक किलो कार्बन सोडणाऱ्या ई-बसमध्ये चाळीस जण असतील तर माणशी २५ ग्रॅम. आठच जण असतील तर माणशी १२५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या आजच्या पेट्रोल स्कूटरच्या दुप्पट. दुपारी अडीच वाजता रिकामी पळणारी बस पर्यावरणाची सेवा करते असा समज कोणाचा असेल तर त्याने हा भागाकार करून बघावा. भरलेली जुनी डिझेल बस रिकाम्या नव्या ई-बसपेक्षा बरी, हे मी बैठकांमध्ये म्हणत आलोय आणि दर वेळी समोरचे अस्वस्थ होतात, कारण नव्या बसचे फोटो चांगले येतात.

आणि माणूस बसमध्ये केव्हा चढतो? ती दहा मिनिटांत येईल याची खात्री असेल तेव्हा. अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट ही कंपनी २००५ मध्ये उभी राहिली, खासगी ऑपरेटरना सोबत घेऊन सिटी बस सुरू झाली, तोवर टेम्पो आणि मिनीबसमध्ये लटकणाऱ्या इंदूरकरांना ती नवलाची वाटली होती. २०१३ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस (फक्त बससाठी राखलेली मार्गिका) सुरू झाला. त्याच्या रेलिंगमध्ये धावणाऱ्या आयबसला आपलं म्हणून एक वेळापत्रक होतं. २०२५ च्या सुरुवातीला हायकोर्टाच्या परवानगीने ती मार्गिका काढण्याचं ठरलं. ए.बी. रोडवर गाड्या ओसंडून वाहत असताना मधली मार्गिका मोकळी दिसते, याचा लोकांना राग होता, आणि चौराह्यांवर पूल बांधायला तिची अडचण होत होती, हेही खरं. तरी माझ्या मते हा तोट्याचा सौदा झाला. तोटा कसा, ते ई-बसच्या आकड्यांतून दाखवतो.

मे महिन्यात इंदुरात पारा चाळिशी पार करतो. मोठ्या बसचा एसी तेव्हा सरासरी आठ किलोवॉट खातो असं धरा. एसीला बस चालू आहे की उभी याच्याशी देणंघेणं नाही, तो तासाच्या हिशेबाने वीज घेतो. बस ताशी २० किलोमीटरने गेली तर एसीचा खर्च किलोमीटरला ०.४ युनिट. तीच बस गर्दीत अडकून ताशी १० वर आली की ०.८ युनिट. चाकं फिरवायला साधारण ०.९ युनिट लागतात, म्हणजे अडकलेल्या बसमध्ये जवळजवळ निम्मी वीज नुसती हवा थंड करण्यात जाते. वर त्याच बसच्या दिवसाच्या फेऱ्या कमी होतात. ई-बसचे करार बहुतेक किलोमीटरवर असतात: ऑपरेटर बस आणतो, चालवतो आणि त्याला ठरलेल्या किमान किलोमीटरचे पैसे मिळतात, धावली नाही तरी. केंद्राची ऑगस्ट २०२३ मधली पीएम ई-बस सेवा ही दहा हजार बसची योजनाही किलोमीटरमागे मदत देणारी आहे. ई-बस विकत घ्यायला डिझेलपेक्षा कितीतरी महाग आणि चालवायला स्वस्त. एका किलोमीटरला विजेचे दहा-एक रुपये लागतात, डिझेलचे पस्तीसच्या पुढे. तेव्हा तिची किंमत वसूल होते ती भरपूर धावूनच. रस्त्यात अडकवून ठेवायची असेल तर ई-बस हे सर्वात महागडं यंत्र आहे. पूर्ण रेलिंग नको असेल तर नको, पण पलासिया, गीता भवन, नवलखा या पट्ट्यात सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ तरी बसला रंग मारलेली आपली लेन द्यावी. त्याला काँक्रीट लागत नाही. पोलिस मात्र लागतो, आणि तोच मिळत नाही.

आता वेळेचं. डेपोतली रात्र कशी असते ते सांगतो, म्हणजे नेमकी अडचण कळेल. साडेदहापासून बस आत यायला लागतात. ड्रायव्हर उतरता उतरता सांगतो, "भिया, बावीस टक्के राहिलीये." चार्जरवाला नंबर लिहून गन, म्हणजे चार्जरच्या तारेचं टोक, बसला लावतो. चाळीस बस आणि दर बसला रात्रीत १२० युनिट धरले तर एकूण ४,८०० युनिट. हे अकरा ते पाच अशा सहा तासांत सारखे वाटले तर डेपोला ८०० किलोवॉट पुरतात. पण बस आली की लगेच गन लावायची असा शिरस्ता असेल, आणि १२० किलोवॉटच्या वीस गन एका वेळी चालू झाल्या, तर २,४०० किलोवॉट. वीज कंपनी युनिटचे पैसे घेते तसेच महिन्यातल्या सर्वात जास्त मागणीचेही घेते. त्या एका अर्ध्या तासाचं बिल महिनाभर फेडत बसावं लागतं. म्हणून चांगल्या डेपोत चार्जर एका सॉफ्टवेअरने बांधलेले असतात, आणि सॉफ्टवेअर नसेल तर भिंतीवर पाळीचा कागद आणि तो पाळणारा खमका सुपरवायझर. मी कागदावर उत्तम चाललेले डेपो पाहिलेत आणि सॉफ्टवेअर असून गोंधळ असलेलेही.

हे झालं बिलाचं. कार्बनच्या दृष्टीने मात्र रात्रीचं चार्जिंग हीच मुळात चुकीची वेळ. रात्री सौर वीज नाही, म्हणजे ते ४,८०० युनिट बरेचसे सिंगाजीसारख्या केंद्रांतले. उलट दुपारी बारा ते चार या वेळात देशात सौर वीज इतकी होते की काही ठिकाणी ती घ्यायला मागणी नसते आणि प्रकल्प थोपवून धरावे लागतात. योगायोग असा की इंदुरात बसला गर्दी कमी असते तीही नेमकी याच वेळी. वेळापत्रक असं लावावं की बारा ते चार दरम्यान एक तृतीयांश बस आळीपाळीने चाळीस-पन्नास मिनिटं डेपोत येतील. मी मघाशी ज्या रिकाम्या पळणाऱ्या बसबद्दल बोललो, तिचाही प्रश्न यातच सुटतो. केंद्राने २०२३ मध्ये वीजग्राहकांचे नियम बदलून सूर्यप्रकाशाच्या तासांत दर किमान वीस टक्के कमी ठेवायची तरतूद केली, तेव्हा पैशांचं पारडंही आता दुपारकडे झुकलं आहे. अडचण एकच: दुपारी डेपोत यायचं तर डेपो मार्गाच्या जवळ हवा. शहराबाहेर दहा किलोमीटरवर स्वस्त जमिनीत डेपो बांधला की जाण्यायेण्यातच चार्ज खर्ची पडतो. चार्जरची जागा सरवटे, गंगवाल अशा स्थानकांवर किंवा मार्गाच्या टोकाला हवी. तिथली जमीन महाग असते, म्हणून फाइल अडते.

वीज कोणाची हा मुद्दाही हातात घेता येतो. रीवाचा ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आपल्या मध्य प्रदेशातला, आणि त्याची चोवीस टक्के वीज करार करून दिल्ली मेट्रो घेते. आपल्या उन्हावर दिल्लीची मेट्रो पळते! इंदूर महापालिकेलाही हा मार्ग अनोळखी नाही. नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणण्याचं वीजबिल कमी व्हावं म्हणून तिने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी घेतलेलं कर्ज) काढले, तिथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी. पाण्यासाठी जे केलं ते बससाठी का नाही? वर काढलेल्या हिशेबाने पाहिलं तर शंभर मोठ्या ई-बस रोज १८० किलोमीटर धावल्या की दिवसाला साडेतेवीस हजार युनिट लागतात. आपल्या भागात एक मेगावॉट सौर पॅनल दिवसाला साधारण चार-साडेचार हजार युनिट देतात. म्हणजे पाच-सहा मेगावॉटमध्ये शंभर बसची वीज. जलूदच्या मानाने हे काहीच नाही.

आता सासऱ्यांचा लाडका कचऱ्याचा गॅस. इथे ते बरोबर आहेत आणि त्यांना तसं जरूर सांगा. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा. तुमच्या घरातली भाजीची देठं आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतला उरला-सुरला माल तिथे दळून त्याचा राबडा होतो, बंद टाक्यांत तो वीस-पंचवीस दिवस आंबतो. निघणाऱ्या गॅसमध्ये मिथेन पंचावन्न-साठ टक्केच असतो. गंधकाचा वायू आणि कार्बन डायऑक्साइड काढून तो नव्वदच्या वर नेला की बसच्या सिलिंडरमध्ये भरायला योग्य होतो. ही गोष्ट इंदुरातच जमण्याचं कारण यंत्रात नाही, दारात आहे. ओला कचरा वेगळा येतो म्हणून टाकीत प्लॅस्टिक अडकत नाही. इतर शहरांतले असे कितीतरी प्रकल्प पिशव्या आणि कापडांच्या चिंध्यांनीच बंद पाडले. तसं कचऱ्याशी आपलं नातं जुनंच. अल्बर्ट हॉवर्ड यांनी शंभर वर्षांपूर्वी खत कुजवण्याची जी रीत इथे बसवली, ती जगात इंदूर पद्धत म्हणूनच गेली.

पण "तेवढं पुरे" हे पटत नाही, कारण ते पुरत नाही. पूर्ण क्षमतेने रोज १७,००० किलो गॅस निघतो. मोठी बस दिवसाला साठ किलो खाते. सगळाच्या सगळा गॅस बसना दिला तरी २८० बस. सुरुवातीला ४०० बस चालवायचं जाहीर झालं होतं, ते लहान बस धरल्या तर जमतं, पण महापालिका किमान निम्मा गॅस घेणार असंच ठरलेलं होतं. कचरा काही मागणी वाढली म्हणून वाढवता येत नाही, आणि वाढवूही नये! शिवाय गळतीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष हवं. १७ टन गॅस खनिज सीएनजीऐवजी वापरला तर रोज सुमारे ४७ टन कार्बन वाचतो. पण मिथेन हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवणारा. वाटेत तीन टक्के गळला तरी १४ टनांइतकं नुकसान, म्हणजे बचतीचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. कचरा उघड्यावर कुजला असता तर याहून कितीतरी जास्त मिथेन सुटला असता, तेव्हा प्रकल्प फायद्याचाच. फक्त व्हॉल्व्ह आणि जोड तपासणाऱ्या माणसाचा पगार वाचवू नये.

हा गॅस मी शहरातल्या बसना न देता उज्जैन, देवास, महू, पीथमपूरकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसना देईन. त्यांना दिवसात अडीचशे-तीनशे किलोमीटर जायचं असतं, मध्ये चार्जिंगला थांबणं परवडत नाही, आणि मोकळ्या रस्त्यावर गॅसचं इंजिन चांगलं चालतं. थांबत-सुटत जाणाऱ्या शहरी फेऱ्या मोटरला द्या. आणि सर्वात आधी विजेवर न्यायला हव्यात त्या तुमच्या दारात सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या. ठरलेला मार्ग, कमी वेग, शंभर ठिकाणी थांबा, आणि दुपारी बाराच्या सुमारास काम संपवून उभ्या. दुपारच्या उन्हावर चार्ज व्हायला याहून चांगलं गिऱ्हाईक शहरात दुसरं नाही.

मेट्रोबद्दल थोडक्यात. ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर सुमारे सहा किलोमीटर आणि पाच स्थानकं सुरू झाली. तिथे अजून वस्ती विरळ आहे, तेव्हा वर केलेला माणसांचा भागाकार मेट्रोला तर आणखीच कडक लागू पडतो. ती गावात शिरेल तेव्हा बोलू.

ई-रिक्षावर लोक रागावतात कारण त्या राजवाड्यापाशी थवा करून उभ्या राहतात. तो राग वाहतुकीचा आहे, कार्बनचा नाही. कार्बनच्या बाजूने त्यांचं खरं दुखणं बॅटरी. बहुतेकांत चार लेड-ॲसिड, म्हणजे शिशाच्या, बॅटऱ्या असतात. चार्ज करतानाच पाचवा हिस्सा वीज उष्णतेत जाते, पाणी वेळेवर घातलं नाही की प्लेटा बसतात, वर्ष-दीड वर्षात संच बदलायचा आणि जुनं शिसं कुठल्यातरी भट्टीत वितळायचं. लिथियमचा संच महाग पण चार-पाच वर्षं टिकतो आणि दोन-तीन तासांत भरतो. रिक्षावाल्याला अनुदानापेक्षा स्वस्त कर्ज हवं असतं. ते त्याला सहज मिळत नाही, म्हणून तो दर वर्षी शिसंच विकत घेतो.

तर ताई, तुमचं. सुदामा नगर ते विजय नगर, जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. आज अर्धा लिटर पेट्रोल, पन्नासच्या वर रुपये. बॅटरीच्या गाडीला पाऊण युनिट, पाच-सहा रुपये. पेट्रोलची स्कूटर जुनी असेल तर बदला. दोन वर्षांचीच असेल तर घाई करू नका, नवी गाडी आणि बॅटरी बनवण्यातही कार्बन गेलेला असतो, तो फिटायला बरेच किलोमीटर लागतात. त्याआधी एकदा बसचा मार्ग बघा. आठवड्यातले दोन-तीन दिवस जरी भरलेल्या बसने गेलात तरी कोणत्याही स्कूटरपेक्षा हिशेब चांगला बसतो. गाडी घेतलीत तर घरी अर्थिंग नीट असलेला वेगळा सॉकेट काढून घ्या, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. गच्चीवर तीन किलोवॉटचे सौर पॅनल बसवायचे असतील तर पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि घरच्या विजेबरोबर गाडीचं चार्जिंगही त्यात सहज बसतं.

ऑफिसात दुपारी चार्ज करता आली तर उत्तमच. विचारताना देखभालवाल्याकडे न जाता हिशेब बघणाऱ्याकडे जा, महिन्याला वीसेक युनिट लागतील आणि त्याचे दीड-दोनशे रुपये मी देईन असं कागदावर लिहूनच न्या. आकडा समोर असला की ते लगेच हो म्हणतात.